आधीच लिहून ठेवलेले ‘होय’



तुमच्यापैकी अनेकांनी आमच्या वसतिगृहासाठी जुने संगणक दिलेत. एकूण १४ संगणक सातपुड्यातल्या आमच्या गावी जीपने पोहोचले आणि मुलांनी ते स्वतः उचलून खोलीत नेले. ‘त्यांचे पुढे काय झाले?’ असे पुष्कळांनी फोनवर विचारले. या अंकाच्या अभ्यासलेखात त्याचेच उत्तर देत आहे. आनंदाची बातमी आहेच, पण माझ्या हातून झालेली एक मोठी चूकही आहे. चूक सांगितल्याशिवाय धडा पुरा होणार नाही, म्हणून दोन्ही लिहितो.

१. चांगले संगणक टाकाऊ का ठरले?

संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तुमच्या कार्यालयांतील बहुतेक संगणकांवर विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुढच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुन्या संगणकांत ते नसते. यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या यादीत नाही, म्हणून ते कपाटावर जाते.

अशा यंत्रांवर आम्ही डेबियन ही लिनक्सची मोफत प्रणाली घालायचे ठरवले. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि आज जगभरचे स्वयंसेवक तो चालवतात. ही प्रणाली १४ काय, १४० संगणकांवर घातली तरी कायद्याने चालते. चोरीची प्रत वापरून मुलांना शिकवण्यापेक्षा हे बरे, यावर आमच्या समितीत एकमत झाले.

मग मी पहिला संगणक हाताने तयार केला. भाषा कोणती, देश कोणता, कळफलक कोणता, वेळ कोणत्या विभागाची, डिस्क कशी वाटायची, वापरकर्त्याचे नाव काय, पासवर्ड काय, कोणते प्रोग्राम हवेत, असे प्रश्न इन्स्टॉलर एकामागून एक विचारतो. मधे दहा-पंधरा मिनिटे काम करतो आणि पुन्हा काहीतरी विचारतो. त्यामुळे उठून जाता येत नाही. दिवसभरात चार संगणक झाले आणि चारही वेगळे झाले. एकावर मराठी कळफलक राहिला, एकाचे घड्याळ चुकले, एकाचा पासवर्ड मी काय दिला ते मलाच आठवेना.

मोठ्या माणसाला ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण नववीतली एक मुलगी तिसऱ्या संगणकावर मराठीत अर्ज टाइप करायला शिकली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला दुसरा संगणक आला. तिथे अक्षरे उमटेनात. ती मला म्हणाली, “सर, मी विसरले वाटतं.” ती काही विसरली नव्हती, मी विसरलो होतो. घरी पावरी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी लिहिणाऱ्या या मुलीला यंत्रानेही गोंधळात टाकावे, हे मला लागले. सगळे संगणक सारखेच असले पाहिजेत, हे त्या दिवशी ठरले.

२. आधी उत्तरे, मग प्रश्न

एकच काम अनेकदा आणि दरवेळी तसेच करायचे असेल तर ते लिहून ठेवावे, आणि लिहिलेले यंत्रानेच वाचावे, हा यामागचा साधा विचार आहे. डेबियनमध्ये या सोयीला प्रीसीड म्हणतात. इन्स्टॉलर जे प्रश्न विचारणार त्यांची उत्तरे आपण एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये आधीच लिहितो. ती फाईल पेनड्राइव्हवर ठेवतो. इन्स्टॉलर प्रश्न विचारण्याऐवजी फाईलमधले उत्तर उचलतो आणि पुढे जातो.

ही सोय फक्त डेबियनची नाही. रेड हॅट आणि फेडोरामध्ये तिला किकस्टार्ट म्हणतात, उबंटूच्या सर्व्हर आवृत्तीत २०२० पासून ऑटोइन्स्टॉल आहे, विंडोजमध्येही उत्तरांची फाईल देता येते. शेकडो संगणक असलेल्या कंपन्या आणि विद्यापीठे हेच करतात. आपल्यासारख्या लहान जागी ते कोणी करत नाही, कारण कोणी सांगितलेले नसते.

फाईलमधल्या प्रत्येक ओळीचे चार भाग असतात: प्रश्न कोणाचा, प्रश्नाचे नाव, उत्तराचा प्रकार आणि उत्तर. प्रकार म्हणजे उत्तर अक्षरांत द्यायचे, होय-नाही असे द्यायचे, की यादीतून निवडायचे. डेबियन प्रकल्प एक नमुना फाईल देतो. तिच्यात प्रश्नांची नावे तयार असतात, आपण आपली उत्तरे भरायची. एक बारीक गोष्ट मला दोन संध्याकाळी छळत होती. प्रकार आणि उत्तर यांच्यामध्ये एकच मोकळी जागा सोडायची असते. दोन सोडल्या तर दुसरी जागा उत्तराचाच भाग धरली जाते आणि उत्तर चुकते. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो.

दुसरी अडचण अशी की फाईल वाचण्याआधीच इन्स्टॉलर भाषा, देश आणि कळफलक विचारतो. त्यामुळे ही तीन उत्तरे फाईलमध्ये ठेवून उपयोग होत नाही, पेनड्राइव्हच्या सुरुवातीच्या मेनूतील ओळीतच जोडावी लागतात. मी तो मेनू उघडला आणि उत्तरे जोडली. त्याच वेळी आणखी एक सोय केली: कोणी एंटर दाबले नाही तरी दहा सेकंदांनी काम आपोआप सुरू व्हावे. ही ओळ ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

३. आम्ही काय काय लिहिले

वेळ भारताची. पडद्यावरची मांडणी एक्सएफसीई, कारण ती हलकी असते आणि ४ जीबी मेमरीच्या संगणकावरही नीट चालते. प्रोग्रामांच्या यादीत लिखाण व हिशेबासाठी लिबरऑफिस, लहान मुलांसाठी जीकाँप्री आणि देवनागरी फाँट. डिस्कच्या प्रश्नाला उत्तर: पहिली डिस्क, पूर्ण पुसून वापरा.

पासवर्ड फाईलमध्ये जसाच्या तसा लिहू नये. पेनड्राइव्ह हरवतात, आणि फाईल कोणीही उघडून वाचू शकतो. पासवर्डचे सांकेतिक रूप तयार करून तेच लिहिण्याची सोय प्रीसीडमध्ये आहे. आम्ही ती वापरली.

शेवटी एक ‘लेट कमांड’ असते. सगळे बसवून झाल्यावर आणि संगणक पुन्हा सुरू होण्याआधी ही आज्ञा चालते. तिच्यातून मी एक छोटी स्क्रिप्ट चालवली. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक जोडणे, सर्वांची मुख्य फोल्डरे सारखी करणे आणि मुलांनी काढलेले डोंगराचे चित्र पडद्यावर लावणे, एवढेच तिचे काम. हे चित्र लावण्याचा हट्ट मुलांचा होता.

आमच्याकडे इंटरनेट म्हणजे मोबाइलचे हॉटस्पॉट. चौदा संगणकांनी तेच प्रोग्राम चौदा वेळा उतरवले असते तर महिन्याचा डेटा एका सकाळीच संपला असता. म्हणून एका संगणकावर ॲप्ट-कॅचर-एनजी नावाचा मोफत प्रोग्राम बसवला आणि तो इन्व्हर्टरवर ठेवला. पहिल्यांदा मागितलेली वस्तू हा प्रोग्राम बाहेरून आणतो आणि स्वतःकडे ठेवून घेतो. पुढच्यांना तो जवळचीच देतो. गावात एकाने बाजार आणावा आणि सगळ्यांनी वाटून घ्यावा, तसे. उत्तरांच्या फाईलमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते.

सगळे जुळल्यावर पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला आणि आम्ही बाहेर व्हॉलीबॉल खेळायला गेलो. पाऊण तासाने आलो तर पडद्यावर मुलांचे डोंगर दिसत होते. दोन दिवसांत सगळे चौदा संगणक तयार आणि सारखे झाले. मला फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

४. त्या दुपारी काय झाले

जानेवारीतली गोष्ट. दहावीतल्या एका मुलाला प्रकल्पाची दोन पाने छापायची होती. प्रिंटर कार्यालयात. त्याने संगणकखोलीतून हाताला लागला तो पेनड्राइव्ह घेतला, त्यात आपली पाने टाकली आणि कार्यालयातल्या संगणकाला लावला. तेवढ्यात वीज गेली. जेवणाची घंटा झाली होती. मुलगा निघून गेला, अधीक्षकबाईही जेवायला गेल्या. पेनड्राइव्ह तिथेच राहिला.

काही वेळाने वीज आली. कार्यालयातला संगणक वीज आल्यावर आपोआप सुरू व्हावा अशी सोय मीच केलेली होती, कारण वीज सारखी जाते. तो आधी पेनड्राइव्ह पाहतो, मग स्वतःची डिस्क. ती व्यवस्थाही माझीच, पहिल्या दिवशीच्या दुरुस्तीनंतर तशीच राहिलेली. पेनड्राइव्हच्या मेनूने दहा सेकंद वाट पाहिली. कोणी काही दाबले नाही. मग इन्स्टॉलरने उत्तरे वाचायला सुरुवात केली. डिस्क पुसायची का? होय. नक्की? होय.

तासाभराने अधीक्षकबाई मला शोधत आल्या. “ब्रदर, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मुलांच्या खोलीतलं चित्र कसं आलं?” मी धावत गेलो आणि ते डोंगर पाहून मटकन खाली बसलो.

त्या डिस्कवर सहा वर्षांची हजेरी होती, कार्यक्रमांची छायाचित्रे होती आणि ३२ मुलांच्या जातीच्या दाखल्यांच्या स्कॅन प्रती होत्या. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस जवळ आले होते. दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. ‘या महिन्यात ठेवू’ असे मी तीन महिने म्हणत होतो.

तो मुलगा रडकुंडीला आला. “सर, मी काही दाबलं नाही. आपोआपच झालं.” तो खरेच बोलत होता. त्याने काहीच दाबले नव्हते. कोणीच दाबले नव्हते. ‘होय’ हे उत्तर मी महिनाभर आधी, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या संगणकासाठी लिहून ठेवले होते आणि कोणत्या संगणकासाठी ते मात्र लिहिले नव्हते.

संगणक ताबडतोब बंद केला, हे त्यातल्या त्यात बरे झाले. पुसलेल्या डिस्कवर पुढे काम चालू ठेवले तर उरलेसुरलेही जाते. ओळखीच्या एका तरुणाने फोटोरेक या मोफत साधनाने काही छायाचित्रे परत काढून दिली. दाखल्यांच्या थोड्या प्रती जुन्या ईमेलमध्ये सापडल्या. बाकीच्यांसाठी आम्हाला पाड्यांवर जावे लागले.

ज्यांना हा भाग माहीत आहे त्यांना ठाऊक असेल, की हिवाळ्यात अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. घरांना कुलपे. कागद आत पत्र्याच्या पेटीत. कुठे आजी होती, तिने पेटी उघडून दिली. कुठे फोनवर बोलून शेजाऱ्याकडची किल्ली घेतली. एका घरी दाखला निघाला, पण वाळवीने खाल्लेला. त्या मुलीच्या वडिलांना ऊसतोड सोडून तहसील कार्यालयात यावे लागले. त्यांची चार दिवसांची मजुरी बुडाली. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. ते बोलले असते तर मला सोपे गेले असते.

सर्व अर्ज मुदतीत गेले. पण हे लिहितानाही मला ती वाळवी लागलेली घडी दिसते.

५. कोणता प्रश्न मोकळा ठेवायचा

त्यानंतर काहींनी सुचवले, की हे आपोआपचे खूळ सोडा, हाताने करा. मी विचार केला आणि तसे केले नाही. हाताने करतानाही मी चुका केल्याच होत्या. फाईलचा गुण असा, की तिच्यातली चूक एकदा सापडली की सगळीकडची जाते. माझ्या डोक्यातली चूक मात्र दर संगणकाला नव्याने होते.

खरा प्रश्न वेगळा होता. कोणती उत्तरे आधी देऊन ठेवावी आणि कोणती देऊ नये? मी फाईल छापून घेतली आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहिले: हे उत्तर चुकले तर काय होईल? वेळ चुकली तर नंतर बदलता येते. कळफलक चुकला तर बदलता येतो. प्रोग्राम राहिला तर नंतर घालता येतो. डिस्क पुसली तर परत आणता येत नाही. असा प्रश्न सगळ्या फाईलमध्ये एकच निघाला, आणि त्यालाच मी सर्वांत बिनधास्तपणे ‘होय’ लिहिले होते, कारण तोच सारखा मध्ये अडवत होता.

म्हणून आम्ही बदल केले ते असे:

पहिला, डिस्कवर बदल लिहिण्याच्या प्रश्नाचे ‘होय’ फाईलमधून काढून टाकले. उत्तर नसेल तर इन्स्टॉलर तिथे थांबतो आणि माणसाची वाट पाहतो. बाकी सारे आपोआप.

दुसरा, डिस्कचे नाव लिहिलेली ओळही काढली. एकच डिस्क असेल तर इन्स्टॉलर ती घेतो, एकाहून अधिक असतील तर कोणती ते विचारतो. त्याने विचारलेलेच बरे.

तिसरा, मेनूतली दहा सेकंदांची सोय रद्द केली. आता कोणी एंटर दाबेपर्यंत काहीच सुरू होत नाही.

चौथा, कार्यालयातला संगणक आता फक्त स्वतःच्या डिस्कवरूनच सुरू होतो, आणि ती व्यवस्था बदलायला पासवर्ड लागतो.

पाचवा, पेनड्राइव्हला लाल चिंधी बांधून तो कपाटात कुलपात ठेवला. मुलांच्या छपाईसाठी वेगळे दोन आणले.

सहावा, आणि खरे तर पहिला असायला हवा होता तो: कार्यालयातल्या सर्व फाईलींची प्रत दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर जाते आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत राहते. हे कामही एक छोटी स्क्रिप्टच करते, पण प्रत खरोखर उघडते की नाही हे अधीक्षकबाई स्वतः उघडून पाहतात आणि वहीत सही करतात.

फाईलमध्ये काही बदल केला तर ती आधी एका आभासी संगणकावर, म्हणजे प्रोग्रामच्या आत चालणाऱ्या खोट्या संगणकावर तपासतो. तिथे डिस्क पुसली तरी कोणाचे काही जात नाही.

आता संगणक नव्याने तयार करायचा असला की दोन मुले बसतात. इन्स्टॉलर त्या प्रश्नावर थांबतो. एक जण पडद्यावरचा डिस्कचा आकार मोठ्याने वाचतो, दुसरा यंत्रावर चिकटवलेला क्रमांक वहीशी जुळवतो. दोघांचे जुळले तरच ‘होय’. या कामाला एक मिनिट लागते. मार्चमध्ये मी आठ दिवस बाहेर होतो, तेव्हा एक संगणक बंद पडला. मघाशी सांगितलेल्या नववीतल्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने तो माझ्याशिवाय पुन्हा उभा केला. फोनवर तिने एवढेच सांगितले, “सर, सात नंबर झाला. वहीत लिहिलंय.” तिच्या जोडीला त्या दिवशी छपाईला गेलेला तो मुलगाही असतो. पेनड्राइव्हची किल्ली त्याच्याकडे आहे. ती मी मुद्दाम त्याला दिली.

६. तुम्ही काय करू शकता

संगणक देताना तो ६४ बिटचा आहे ना, हे पाहा. डेबियनच्या २०२५ च्या आवृत्ती १३ पासून ३२ बिटच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. मेमरी ४ जीबी असेल तर काम भागते. जुन्या हार्ड डिस्कऐवजी लहानशी एसएसडी बसवून दिलीत तर मुलांचा वेळ फार वाचेल.

देण्याआधी तुमची कागदपत्रे आणि छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्या आणि ती तिथे उघडतात हे पाहा. आमच्याकडे आल्यावर डिस्क पुसली जाणार आहे. एका भगिनीने संगणक दिल्यावर महिन्याने दिवंगत पतीची छायाचित्रे त्यात राहिल्याचे कळवले. सुदैवाने तो संगणक अजून खोक्यातच होता.

आणि मंडळीत संगणकाचे काम करणारे कोणी तरुण असतील तर त्यांनी आमची फाईल वाचून चुका दाखवाव्यात. ती दोन पानांची आहे. मागाल तर पाठवू. तुमच्या शाळेत, वाचनालयात किंवा मंडळीच्या कार्यालयात तीच थोडी बदलून वापरता येईल. फक्त ते एक ‘होय’ तिच्यात सापडणार नाही. ते तुम्हाला तिथे, त्या संगणकासमोर बसूनच द्यावे लागेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत किंवा संस्थेत असे कोणते काम आहे, जे फक्त एकाच व्यक्तीच्या डोक्यात आहे? ते लिहून ठेवता येईल का?

२. आपल्या नोंदी, हिशेब, बाप्तिस्म्याची व लग्नाची नोंदवही यांची दुसरी प्रत कुठे आहे? ती शेवटची कोणी उघडून पाहिली?

३. आपण कोणत्या गोष्टींना सवयीने आधीच ‘होय’ म्हणून ठेवले आहे? त्यांपैकी परत न फिरवता येणारी कोणती?